मॉर्टिमरांच्या घरी दिलेला मुलगा

मी, रमाबाई शामराव मुधोळकर, निवृत्त इतिहास शिक्षिका, राहणार आदिलाबाद, हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे, तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. जीभ शाबूत असल्याचा दाखला शेजारी तोंडी देतील. मला कुणी धमकावलेलं नाही की फूस लावलेली नाही. याआधी केलेलं मृत्युपत्र रद्द समजावं.

कलम पहिले. आदिलाबादचं राहतं घर, मुधोळ शिवारातली जमीन, बँकेतली शिल्लक, दागिने आणि पुस्तकांचं कपाट एवढी माझी मालमत्ता. घर आणि जमीन माझे पती कै. शामराव यांनी मृत्युपत्राने माझ्या नावे केली. जिवंतपणी त्यांनी मला साडीसुद्धा माझ्या पसंतीची घेऊ दिली नाही. मेल्यावर सगळं दिलं, त्याबद्दल त्यांचे आभार.

कलम दुसरे. मला एकुलता एक मुलगा, हेरंब. तो इंग्लंडात हेरफर्ड इथे भूल देणारा डॉक्टर आहे. तिथे त्याने हेलन मॉर्टिमर हिच्याशी लग्न केलं आणि मुधोळकर हे आडनाव टाकून मॉर्टिमर लावलं. माझी नात स्वरा जन्मापासूनच मॉर्टिमर. ही बातमी त्याने फोनवर दिली तेव्हा मला रडू आलं. तो म्हणाला, "काऊन रडून राह्यली, आई? तू बी तं लग्नात बदललंच होतं नं!"

मुलगा हुशार आहे, नेमकं कुठे टोचायचं हे त्याला कळतं. म्हणून इथे नोंदवते. मी लग्नाआधी चंदा बासरकर होते. मांडवात तांदूळ पसरलेलं ताट माझ्यासमोर आलं आणि शामरावांनी सोन्याच्या अंगठीने त्यात 'रमा' असं लिहिलं. माझं नवं नाव मला पाहुण्यांच्या बरोबरीनेच वाचायला मिळालं. सासूबाई म्हणाल्या, "चंदा नाव आमच्या घरी नाही चालत. बाजारात हाक मारल्यावानी वाटते." सगळा मांडव हसला. मीही मान खाली घालून हसले, कारण नवरीने तेवढंच करायचं असतं. नाही म्हणावं असं फार वाटलं होतं. तो राग मी आजही त्या ताटातल्या तांदळासारखा गिळते आहे. मला कुणी विचारलं नव्हतं. हेरंबची मान कुणीही धरलेली नव्हती.

कलम तिसरे, नव्या आडनावाविषयी. हेलनच्या वडिलांचं बागकामाच्या अवजारांचं दुकान आहे. त्यांच्या दिवाणखान्यात मॉर्टिमर घराण्याची ढाल, म्हणजे त्यांचं कुळचिन्ह, छापलेला कागद चौकटीत लावला आहे. तो हेरंबने मला व्हिडिओवर दाखवला आणि म्हणाला, "आई, हजार वर्षांचं नाव आहे हे. नॉर्मन लोकांचं." आयुष्यभर पोरांना सनावळ्या पाठ करायला लावलेल्या बाईला हे सांगायला नको होतं. मी शोध घेतला.

मॉर्टमेर हे फ्रान्सातल्या नॉर्मंडीचं एक गाव. नावाचा अर्थ मेलेलं पाणी, म्हणजे साचलेलं डबकं. जुने कारकून त्याचं लॅटिनमध्ये 'मृत समुद्र' करून मोकळे झाले. तिथल्या रॉजरने १०५४ च्या लढाईत आपल्या ड्यूकच्या बाजूने तलवार चालवली आणि शत्रूच्या सरदाराला मात्र हळूच निसटू दिलं. ड्यूकने त्याचा किल्ला काढून घेतला आणि दुसऱ्याला दिला. गाव गेलं तरी या लोकांनी नाव सोडलं नाही. पुढे इंग्लंड जिंकल्यावर वेल्सच्या सरहद्दीवर त्यांना दुसऱ्यांच्या जमिनी मिळाल्या, त्या आजच्या हेरफर्डच्याच बाजूला. त्यांच्यातल्या एका रॉजरने राणीला हाताशी धरून राजाला गादीवरून खाली खेचलं, राज्य चालवलं आणि १३३० साली फासावर लटकला. थोरल्या घराण्याची पुरुषशाखा पंधराव्या शतकात संपली. तेव्हा अवजारं विकणारे हे मॉर्टिमर त्यांच्यातले कोण, हे त्यांनाही ठाऊक नाही. ढालीचा कागद दुकानात विकत मिळतो.

मॉर्टिमर म्हणजे आपल्याकडचं मॉर्टमेरकर. हेरंब एका गावाचं नाव टाकून दुसऱ्या गावाचं लावून बसला आणि ते दुसरं गाव त्याने नकाशातही पाहिलेलं नाही. माझ्या कपाटात फ्रान्सचा नकाशा आहे, मॉर्टमेरभोवती मी लाल शाईने गोल केला आहे. तो नकाशा हेरंबला द्यावा. माझ्याकडून त्याला मिळणारी वस्तू ही एवढीच. बाकीची पुस्तकं वाचनालयाला द्यावीत.

कलम चौथे. मुधोळची जमीन ती बटईने, म्हणजे पिकाच्या वाट्यावर, कसणारे चंपतराव यांना द्यावी आणि पट्टा त्यांच्या नावे करावा. मॉर्टिमरांचं गाव गेलं आणि नाव राहिलं. माझ्या मुलाने नाव टाकलं, तर गावानेही त्याला सोडावं. चंपतरावांनी माझ्यामागे माझं कौतुक करू नये. बांधावरची बाभूळ मला न विचारता तोडली ती मी विसरलेली नाही.

कलम पाचवे. दागिने स्वराला, बिनशर्त. तिचं आडनाव तिने निवडलेलं नाही.

बँकेतली शिल्लक आणि स्वयंपाकघरातली सगळी भांडी भागाबाईला. ती माझ्याकडे काम करते आणि माझ्यापेक्षा मोठ्या आवाजात बोलते. या मृत्युपत्राचा मसुदा मी तिला वाचून दाखवला तेव्हा ती म्हणाली, "पोटच्या पोराले असं करते का कोनी, बाई? लोकं थुंकतीन तुमच्या नावावर." मी म्हटलं, कोणत्या नावावर ते आधी ठरवून घ्या म्हणावं. ती फणकाऱ्याने भांडी आपटत गेली. आपटलेली भांडी तिचीच आहेत.

कलम सहावे. हेरंबने माझं श्राद्ध करू नये. दिलेल्या मुलीने माहेरचं श्राद्ध करायचं नसतं, तोच नियम दिलेल्या मुलाला लावावा. त्याने आपल्या सासरच्यांचं करावं. मॉर्टिमरांचं गोत्र कोणतं हे हेरफर्डात कुणी गुरुजी सापडले तर विचारून घ्यावं.

कलम सातवे, घराविषयी. या कलमाचा पहिला मसुदा असा होता: हेरंबला घर हवं असेल तर त्याने आदिलाबादला यावं. सगळ्या नातेवाइकांसमोर पाटावर बसावं. समोर तांदळाचं ताट ठेवावं, हेलनने अंगठीने त्यात त्याचं नवं नाव लिहावं, त्याने मान खाली घालून ते वाचावं आणि बायकोचं नाव घेऊन उखाणा म्हणावा. पाहुण्यांनी हसावं. मगच किल्ल्या त्याच्या हातात द्याव्यात.

या अटीमागे माझ्या मनात वेगळंच होतं आणि ते मी फक्त सुधाकरराव वकिलांना सांगून ठेवलं होतं. हेरंबने ताडकन नाही म्हटलं तर घर बिनशर्त त्याचं. 'आई, तुझ्या घराला आग लागो, मी असा बसणार नाही,' एवढं तो म्हणाला असता, तर मी सगळं विसरले असते. मांडवात जे माझ्या तोंडून फुटलं नाही, ते माझ्या पोटच्या मुलाच्या तोंडून ऐकायची मला फार इच्छा होती.

परवा सुधाकररावांनी आपल्या कचेरीतून, मला शेजारी बसवून, व्हिडिओवर हेरंब आणि हेलन दोघांनाही हा मसुदा वाचून दाखवला. हेरंब हसला. "बसतो नं, आई. त्यात काय? एका दिवसाचा तं कार्यक्रम आहे. व्हिडिओ बी काढू, स्वराले मजा वाटन." मग लगेच त्याने सुधाकररावांना घर रिकामंच मिळणार ना, असं विचारलं.

हेलनला सुधाकररावांनी इंग्रजीत समजावलं. तिचा चेहरा लाल झाला. ती जे बोलली त्याचा मराठी अर्थ असा: मी कुणाचं नाव कुठेही लिहिणार नाही, तुमचं घर तुम्हीच ठेवा. हेरंबला मी माझं आडनाव लावायला कधीच सांगितलं नव्हतं. उलट लावू नकोस म्हणाले होते, तर त्यानेच हट्ट केला. एवढं बोलून ती उठून गेली. हेरंब मागून म्हणाला, "तिचं मनावर घेऊ नको, आई. मी तिला तयार करतो."

सबब पहिला मसुदा रद्द. आदिलाबादचं राहतं घर, त्यातल्या फर्निचरसह, माझी सून हेलन मॉर्टिमर हिच्या एकटीच्या मालकीचं होईल. या प्रकरणात नाही म्हणणारी ती एकटीच निघाली. तिने घर विकावं, भाड्याने द्यावं की ठेवावं, हा निर्णय तिचा. त्यासाठी नवऱ्याची संमती लागणार नाही. हेरंबला इथे यायचं झालं, तर त्याने हेलनला आधी विचारावं, आणि ती नाही म्हणाली तर स्टेशनाजवळच्या लॉजवर उतरावं.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी सुधाकररावांनी करावी. वाचून, समजून, दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली आहे.

सही: रमाबाई शामराव मुधोळकर

साक्षीदार:
१. अ‍ॅड. सुधाकरराव चिद्रवार, आदिलाबाद. (सही)
२. यशवंतराव ढगे, निवृत्त मुख्याध्यापक, इचोडा. (सही)

स्थळ: आदिलाबाद
दिनांक: २ डिसेंबर २०२४