तुम्ही मला बाजूला बसवायचात

आत्याबाई,

आज घरात दोन गोष्टी आल्या. सुनेच्या गळ्याला लावायला मलमाची ट्यूब, पंच्याऐंशी रुपये. आणि अंगणवाडीच्या ताई ठेवून गेल्या तो सरकारी कागद, फुकट. सासूबाई, तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली, पण हे विचारायला मला दुसरं माणूस नाही.

लग्न होऊन मी सिडकोतल्या या दोन खोल्यांत आले, तेव्हा तुम्ही दिंडोरीहून आमच्यापाशी राहायला आला होतात. हे पिऊन आले की यांचा हात आवरायचा नाही. एका संध्याकाळी मी भाकरी थापतेय, जिन्यात यांचे पाय वाजतात, आणि तुम्ही परात माझ्यापुढून ओढून घेता, कोपऱ्यातल्या घोंगडीकडे बोट करता. हे दारात आले तसं म्हणालात, "लांब हो. ती बाजूला बसलीय, शिवायचं नाय."

सोवळंओवळं हे दारूतही पाळायचे. "मागच्याच आठवड्यात बसली होती ना?"

"बायकांचं मोजायला कधीपासून लागला रं तू? जा, आंघोळ कर."

त्या वर्षी मी महिन्यातून बारा-बारा दिवस बाजूला बसले. पाळी नसताना देवाला दिवा लावायचा नाही, हे मला पाप वाटायचं, रडू यायचं. तुम्ही म्हणालात, "मॅट्रिक झालीस ना? देवाला मी सांगते, तू जीव सांभाळ."

आता हेही नाहीत. रविवारी दुपारी मोबाईलवरून भांडण निघालं आणि तुमच्या नातवाने बायकोला ओट्याशी रेटून तिचा गळा धरला. मला तुमचंच सुचलं. म्हटलं, "शिवू नकोस रे तिला, ती बाजूला बसलीय." तो माझ्याकडे वळून हसला. "आई, कुठल्या जमान्यात आहेस?" हसला म्हणून हात सैल पडला, एवढंच. तिचा आवाज अजून बसलेलाच आहे. भात पातळ करून देते.

आज सकाळी ताई आल्या. बायकांचे जीव जायच्या आधी कळावं म्हणून घरोघरी विचारायचा हुकूम आलाय म्हणे. मारतो का, जिवे मारायची धमकी देतो का, कधी गळा दाबलाय का. शेवटच्या प्रश्नावर त्यांनी बोट ठेवलं. "याला हो आलं ना काकू, तर आम्ही थांबत नाही. एकदा हात गळ्यापर्यंत गेला, की पुढच्या वेळी बाई वाचेलच असं सांगता येत नाही. त्याच दिवशी संरक्षण अधिकाऱ्यांना कळवायचं." मग म्हणाल्या, "तुम्ही जरा बाहेर बसता का? हिला एकटीला विचारायचंय."

मी उठले नाही. मेथी निवडत राहिले. "विचारा की माझ्यासमोर. आमच्यात काही लपलेलं नसतं."

सून माझ्याकडे बघत होती. "नाही," म्हणाली.

"आवाजाला काय झालं गं?"

"थंड पाणी प्यायले."

ताईंनी कागद कोराच ठेवला, "काही सांगावंसं वाटलं तर अंगणवाडीत या," म्हणाल्या.

तुम्ही यांना अडवत होतात, पण त्याने तुमचा मुलगा काही तुमच्यापासून जात नव्हता, घरातच राहत होता. या कागदावर हो लिहिलं की माझा पोरगा पोलिसांपुढे उभा राहणार. देवापुढे बसले की हात त्याच्यासाठीच जोडले जातात, तिचं नाव मागून आठवतं. हे मी कोणाजवळ बोललेले नाही.

उद्या तिला घेऊन अंगणवाडीत जायचं ठरवलंय. ती माझ्या भीतीने पुन्हा नाहीच म्हणेल. म्हणून डोळ्यांनी पाहिलं ते मीच सांगायचं, आणि कोणी सांगितलं असं त्याने विचारलं तर माझंच नाव पुढे करायचं. तुमचा पत्ता माझ्याकडे नाही, हे पत्र घरातच राहील, ते मला कळतं. तरी ताईंसमोर बसल्यावर माझ्या तोंडून ते निघेल का, तेवढं उलट टपाली कळवा.