दंडाला बांधलेली दोरी

१४ नोव्हेंबर १९५८

प्रिय हेस्टर,

सोमवारी सकाळी मी रोजच्यासारखी प्रार्थना केली, चहा घेतला, रूबेनच्या शेतावर गेलो, पुढच्या ट्रॅक्टरवर चढलो आणि उजवा हात मागे केला. आपल्या थोरल्याने, रूबेनने, दंडाला दोरी बांधली, गाठ ओढून पाहिली आणि म्हणाला, "झालं ना रुसून? चल मग." आदल्या दिवशी चॅपलमधून निघताना मी त्याला क्षमा केली होती. तू लिहिलं होतंस तशीच, त्याचा हात हातात घेऊन. त्याने वर आभाळाकडे पाहिलं आणि "उद्या सातला ये, पाऊस धरतोय" एवढंच म्हणाला.

तू कोल्चेस्टरला राहतेस, ते यंत्र तू पाहिलेलं नाहीस. इथली चिकणमाती भिजली की एकटा ट्रॅक्टर जागच्या जागी चाकं फिरवत बसतो. वडिलांनी अर्धी अर्धी वाटून दिलेली जमीन आम्हा दोघांनाही एकेकट्याने नांगरता येईना. म्हणून दोन वर्षांपूर्वी टर्नेज लोहाराने आमचे दोन जुने ट्रॅक्टर एकामागे एक जोडून दिले. दोन्हींची पुढची चाकं काढली आणि मध्ये फिरता सांधा बसवला. पुढे माझा, मागे रूबेनचा, त्याच्या मागे नांगर. काढलेली चाकं मी कोठारात पेंढ्याखाली ठेवली. रूबेनने स्वतःची भंगारात घातली. "आता सुटं कुणाला व्हायचंय?" म्हणाला.

वळवायचं काम मागच्याकडे. पुढच्याने फक्त क्लच आणि वेग सांभाळायचा. दोन इंजिनांच्या आवाजात हाक ऐकू येत नाही, म्हणून दोरी. एक झटका म्हणजे चल, दोन म्हणजे थांब. कल्पना माझीच होती, आणि चांगली होती. पुढे बसलेल्याला मागचं दिसत नाही. झटका बसला की विचार न करता पाय क्लचवर गेलाच पाहिजे, नाहीतर कधीतरी नांगराखाली माणूस जाईल. पंधरा दिवसांत माझा पाय तयार झाला.

मग कुंपणाशी माणसं जमू लागली. "काय रूबेन, नवा घोडा घेतलास वाटतं?" असं कुणी ओरडायचं. इंजिन मंद करून रूबेन सांगायचा, "नवा कुठला बाबा, पन्नाशीला आलाय. पण खातो कमी आणि प्रार्थना जास्त करतो." त्यांना दाखवायला तो दोनदा ओढायचा, मी थांबायचो. एकदा ओढायचा, मी निघायचो. थट्टेचा झटका कोणता आणि खरा कोणता हे दंडाला कळत नाही गं. मला प्रत्येक झटका पाळावाच लागे. त्याचं शेत आधी, मग माझं, असं ठरलं होतं. दोन्ही वर्षी त्याचं संपेपर्यंत पाऊस लागला आणि माझं पडीक राहिलं.

तेही मी सोसलं असतं. सुगीच्या जेवणाला चॅपलच्या दालनात माझ्याशेजारी एडिथ थरगुड बसली होती. तिचा नवरा जाऊन चार वर्षं झाली. मी तिला काय विचारणार आहे ते साऱ्या गावाला ठाऊक होतं, बहुतेक तिलाही. मी म्हणालो, "एडिथ, बरेच दिवस मनात आहे..." आणि मागून रूबेनने माझी बाही दोनदा ओढली.

हेस्टर, मी थांबलो. शब्द तोंडातच राहिला, आणि माझा पाय टेबलाखाली जमिनीवर दाबला गेला, क्लच दाबतात तसा. समोर बसलेल्या टर्नेजच्या बायकोला तो दिसला. "अगं बाई, पाय बघा त्याचा!" ती किंचाळली. रूबेन म्हणाला, "शिकवलेला आहे, उगाच नाही." सगळं दालन हसलं. पाद्रीसाहेब रुमालाआड हसले. एडिथही हसली. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली, आणि मग मला म्हणाली, "हं, काय सांगत होतास?" मी तिला म्हणालो, मीठ दे.

तर या सोमवारी त्याच्या मोठ्या शेतात आम्ही निम्म्यावर आलो होतो. रस्त्याने टर्नेज सायकलवरून चालला होता. रूबेनने दोनदा ओढलं. माझा पाय गेला. मागे वळून पाहिलं तर तो टर्नेजला हात करून हसत होता. मी इंजिन बंद केलं, दोरी सोडली, खाली उतरलो आणि टर्नेजला म्हणालो की उद्या सकाळी जॅक घेऊन ये, माझा ट्रॅक्टर सुटा करायचाय. "रूबेनला विचारलंस का?" "ट्रॅक्टर माझा आहे." रूबेन म्हणाला, "जाऊ दे त्याला. सात वाजता येतोच तो."

मंगळवारी पावसात आम्ही सांधा खोलला. माझी चाकं मी पेंढ्याखालून काढून आणली होती. त्याच्याकडे बसवायला काही नव्हतं. त्याचा ट्रॅक्टर नाक चिखलात घालून तिथेच पडलाय, मागे नांगर रुतलेला. रूबेन बांधावर उभा राहून शिव्या देत होता. त्याचा गहू यंदा पेरला जाणार नाही. माझाही नाही, हे मला ठाऊक आहे. मी केलेली क्षमा खरी होती आणि अजून आहे, रोज त्याच्यासाठी प्रार्थनाही करतो. पण ज्याला क्षमा केली त्याचा नांगरही ओढावा, असं मला कुठे वाचायला मिळालेलं नाही.

रूबेनने तुला फोन केला आणि तू रविवारी समेट घडवायला येतेस, हे तुझ्या कालच्या पत्रातून कळलं. म्हणूनच हे घाईने लिहितोय. मी स्वतःला ओळखतो. तू माझ्या स्वयंपाकघरात बसून रडली असतीस, आईचं नाव काढलं असतंस, आणि सोमवारी सातला मी पुन्हा हात मागे केला असता. तेव्हा बसच्या तिकिटाला पैसे घालू नकोस. काल दुपारीच मी ट्रॅक्टर भंगारवाल्याकडे नेला आणि माझ्यासमोर कापायला लावला. इंजिनाचे दोन तुकडे होईपर्यंत मी तिथून हललो नाही.

तुझाच भाऊ,
सायलस