दाराआडचं गिमलेट

भोर, ४ मार्च २०२५

चि. बंडूभावजींस नलूवहिनीचे अनेक आशीर्वाद.

हे फोनवर विचारणार होते, पण शेजारच्या ठकुबाईंचे कान आमच्या खिडकीलाच असतात, आणि तुमच्या पानशेतला रेंज कधी मिळेल याचा भरवसा नाही.

तुमच्या दादांना जाऊन वर्ष होत आलं. दर शनिवारी दिवे लागले की ते मला स्वयंपाकघरातून बाहेर काढायचे आणि स्वतः गिमलेट करायचे. हेडमास्तरांच्या घरात दारू, म्हणून आधी दाराला कडी. मग फिरकीच्या तांब्यात बर्फ खुळखुळायचा. कृती त्यांनी मला कधी बघू दिली नाही. ती चव पुन्हा एकदा जिभेवर यावी असं फार वाटतं. तुम्ही हॉटेल चालवता, तुम्हाला येत असेल. बाटलीही तुम्हीच पाठवा. मी दुकानात उभी राहिले तर अख्ख्या बाजारपेठेला विषय पुरेल.

स्नेहलला आशीर्वाद. या म्हातारीवरचा लोभ आटू देऊ नका.

नलूवहिनी


पानशेत, १० मार्च

ती. नलूवहिनींस बंडूचा साष्टांग नमस्कार.

आमचा वाढपी कुंडलिक हे पत्र आणि तांदळाची पिशवी घेऊन येतोय. तांदूळ लई जड हाय म्हणून कुरकुरत होता. आत जिन आहे हे त्याला ठाऊक नाही.

लिंबाची साल किसून साखरेत चोळा, रस घाला, पाक दोन दिवस मुरू द्या. मग दोन भाग जिन, एक भाग पाक आणि भरपूर बर्फ तांब्यात घालून, तांब्या हाताला गार झोंबेपर्यंत हलवा. तुम्ही सवयीनं त्यात मीठ आणि वेलची टाकाल, म्हणून आधीच बजावतो. आणि चव जुळली नाही तर हिरमुसू नका.

धाकट्या दिरावर माया असू द्या.

बंडू


भोर, १८ मार्च

चि. बंडूभावजींस आशीर्वाद.

पहिल्या पाकात मीठ-वेलची पडलीच. दुसरा नीट केला, तरी चव जुळेना. घशाशी काहीतरी उग्र लागायचं. माझीच जीभ त्यांना विसरली की काय, या विचारानं रडू आलं.

शनिवारी तुमची लेक भार्गवी आली होती. तिला गाडी चालवत पुण्याला जायचं होतं, म्हणून तिच्यापुरतं बिनजिनचं केलं. आमचे पेले बदलले गेले. तिनं वासावरूनच ओळखून माझा पेला खाली ठेवला, आणि मी तिच्या पेल्यातला घोट घेतला. भावजी, तीच चव होती. लिंबू, साखर, सालीचा जरासा कडवटपणा, बस. मग इतकी वर्षं मी काय पीत होते? तुम्हाला माहीत असणार. खरं काय ते कळवा.

नलूवहिनी


पानशेत, २४ मार्च

ती. वहिनींस साष्टांग नमस्कार.

दादाची जिन डॉक्टरांनी सहा वर्षांपूर्वीच बंद केली होती. त्यानं ती दोघांच्याही पेल्यातून थोडी थोडी कमी करत काढली, म्हणून तुम्हाला फरक कळला नाही. तुम्ही काळजी कराल म्हणून त्यानं मला शपथ घातली. मी म्हटलं, मग उघड सरबत करून पी की, हे नाटक कशाला? तर म्हणाला, सरबत म्हटलं की नलू दार सताड उघडं ठेवील. कोणी विरजण मागायला येईल, कोणी पोराच्या शाळेचं विचारायला, आणि ती उठून जाईल. दारू म्हटली की कडी लागते. आठवड्यातून तेवढाच वेळ ती माझ्याजवळ बसते.

रागावू नका. रागावलात तरी पत्र पाठवा.

बंडू


भोर, ३० मार्च

चि. बंडूभावजींस आशीर्वाद.

राग नाही. काल बिनजिनचंच केलं, कडी घातली आणि बसले. चव अगदी त्यांच्या हातची. बाहेरून कोणीतरी दोनदा हाक मारली, पण मी उठले नाही.

एकच सांगायचं राहून गेलं, आणि आता ते तुम्हालाच सांगावं लागतंय. दिवसभर मी कामात असायची ते कामाच्या हौसेनं नव्हे. हेडमास्तरांशेजारी उगीच कसं बसायचं, याचा संकोच वाटायचा. मीही शनिवारचीच वाट बघायची. त्यांनी एकदा नुसतं बस म्हटलं असतं ना, तर दार उघडं असतानाही बसले असते.

सवड काढून या. तुमच्या येण्याकडे डोळे लागले आहेत.

नलूवहिनी