प्रार्थना-विनंत्या : शून्य

५ जानेवारी, रविवार
उपासनेनंतर पाळकसाहेबांनी चर्चच्या मंडळीची वेबसाइट माझ्याकडे सोपवली. म्हणजे मीच मागून घेतली. आठ वर्षं सुवर्णा आणि तरुण संघाने फावल्या वेळात चालवली होती. तपासली. सतरा चुका. नाताळचा फोटो तीन वर्षांपूर्वीचा! चाळीस वर्षं ऑफिसात आवक-जावक सांभाळलेल्या माणसाच्या हाती अखेर काम आलं. महिनाभरात कायापालट करून दाखवतो.

७ जानेवारी, मंगळवार
सगळ्यात मोठा गोंधळ प्रार्थना-विनंतीचा. कुणीही येतो, दोन ओळी लिहितो. सुवर्णा त्या चिठ्ठीवर उतरवते, रविवारी पाळकसाहेब नावं वाचतात, मंडळी प्रार्थना करते आणि दुपारी दोघं-तिघं त्या घरी जाऊन येतात. ना सदस्य क्रमांक, ना प्रकार.
नवा फॉर्म केला. सहा रकाने. एक जरी रिकामा राहिला तर विनंती थेट 'अपूर्ण' फोल्डरमध्ये. पाठवणाऱ्याला मात्र लगेच उत्तर : आपली विनंती मिळाली, मंडळी आपल्यासाठी प्रार्थना करत आहे. वाक्य माझं. वाचून माझेच डोळे पाणावले.
सुवर्णा म्हणाली, काका, ते फोल्डर रोज बघावं लागेल हं. म्हटलं, अगं, माझ्या हाताखाली पंधरा माणसं होती.

१२ जानेवारी, रविवार
घोषणा करवली. विनंत्या यापुढे फक्त वेबसाइटवर. चिठ्ठ्या बंद.
बाहेर पडताना सहादू सगळ्यांसमोर म्हणाला, शांतवन, प्रार्थनेला कसला रे फॉर्म, रेशनकार्ड काढायचं हाय का? लोक हसले. हसता हसता त्याला धाप लागली. नाटकी माणूस. पन्नास वर्षांची मैत्री, एका बाकावर बसतो आम्ही. माफी मागेपर्यंत बोलणार नाही.

१९ जानेवारी, रविवार
बाकावर मी एकटाच. रुसलाय.
आलेल्या विनंत्या : शून्य. शिस्त लागली की असं होतं.

२२ जानेवारी, बुधवार, दु. ३
सहादूचे दोन मिस्ड कॉल. उचलले नाहीत. तो राहतो त्या देवळाली कॅम्पहून बस मिळते, समोर येऊन माफी मागावी.
वेबसाइटचा रंग निळा की जांभळा? जांभळा.

२६ जानेवारी, रविवार
पुन्हा जागा रिकामी. बायको इंदिरा म्हणाली, दोन रविवार चुकवणारा माणूस नाही तो, जाऊन या. म्हटलं, माझा मित्र मला कळतो की तुला?
विनंत्या : शून्य.

३० जानेवारी, गुरुवार
'अपूर्ण' फोल्डर बघायला बसलो. पासवर्ड आठवेना. सुवर्णाला विचारणं बरं दिसत नाही. रविवारचा अहवाल झाला की बघू.

२ फेब्रुवारी, रविवार
सकाळी अकरा वाजता प्रोजेक्टरवर अहवाल. तीन आठवडे एकही विनंती नाही! मंडळीत कुणी आजारी नाही म्हणून पाळकसाहेबांनी देवाची उपकारस्तुती केली. सगळे उभे राहिले. सुवर्णा तेवढी बसून होती. माझ्या बाकाकडे बघत होती.

३ फेब्रुवारी, सोमवार
सकाळीच सुवर्णा घरी आली. पासवर्ड तिनेच बदलून दिला.
'अपूर्ण'मध्ये एकतीस विनंत्या. सात सहादूच्या घरून. पहिली सतरा तारखेची, त्याच्याच शब्दांत : दम लय लागतो, ॲडमिट करायचं म्हणत्यात, मंडळीने प्रार्थना करावी. तिसरी : शांतवनला सांगा, फोन उचलत नाय. प्रत्येकीला माझं ते उत्तर गेलेलं.
शेवटची त्याच्या मुलीची, स्नेहलची, शनिवारची. पप्पा गेले. मंडळी प्रार्थना करते आहे असं उत्तर यायचं, म्हणून ते रोज दाराकडे बघायचे, कुणीतरी येईल म्हणून. दफन रविवारी सकाळी अकरा वाजता.
पाच रकाने नीट भरलेले. 'विनंतीचा प्रकार' तेवढा रिकामा. माझ्या यादीत आजार, परीक्षा, नोकरी, लग्न, प्रवास. मृत्यू मी ठेवलाच नव्हता.
सुवर्णा म्हणाली, चला काका, स्नेहलकडे जाऊन येऊ. म्हटलं, आधी यादी दुरुस्त करतो. ती एकटीच गेली. मी तो शब्द टाइप केला, सेव्ह केला आणि मग रडू आवरेना.