काचेची पट्टी

३ फेब्रुवारी
पुन्हा एमआरआयची तारीख आली. हे वर्ष कसं काढलं ते माझं मलाच ठाऊक! ह्यांना प्रोस्टेटचा कॅन्सर आहे आणि उपचार करायचे नाहीत — हे अजून माझ्या डोक्यात शिरत नाही. डॉक्टर म्हणतात, फार हळू वाढणारा आहे, तूर्त नुसतं लक्ष ठेवू. आठ मिलिमीटरचा ठिपका. वाटाण्याएवढा. घरात झुरळ दिसलं तरी मी चप्पल घेऊन धावते. आणि ह्याच्याकडे नुसतं बघत बसायचं?

५ फेब्रुवारी
ह्यांना मात्र ते पटलंय. पटणारच. तीस वर्षं पूल तपासण्यात गेली. भेग दिसली की लगेच तोडफोड करायची नाही म्हणे. भेगेवर आडवी काचेची पट्टी चिकटवायची, कोपऱ्यात तारीख घालायची आणि अधूनमधून जाऊन बघायचं. काच शाबूत, तर भेग आहे तेवढीच. तडकली, तर साहेबांना कळवायचं.

एकदा हाताखालच्या माणसानं तडकलेली काच काढून गुपचूप नवी लावली — जुनीच तारीख घालून. पूल बंद करायला लागू नये म्हणून. ह्यांनी त्याच्याशी कायमचा अबोला धरला. हे सगळं आज मला तिसऱ्यांदा सांगितलं. मी ऐकून घेतलं. दुसरं काय करणार मी?

९ फेब्रुवारी
एमआरआय झाला. हे चाळीस मिनिटं आत, मी बाहेर. मशीनची ठकठक भिंतीतून ऐकू येत होती. ह्यांचं घड्याळ आणि पट्टा मांडीवर घेऊन बसले. तेवढंच काय ते माझ्या हातात होतं.

१० फेब्रुवारी
रिपोर्ट नाही.

१३ फेब्रुवारी
रिपोर्ट आणायला एकटेच गेले. तू कशाला दगदग करतेस, म्हणाले. आल्या आल्या कागद पुढे धरला, एका ओळीवर बोट ठेवलं — आठ मिलिमीटर! म्हणाले, "तेवढाच आहे." मी आधी रडले, मग हसत सुटले. लेकीला फोन केला. चहात साखर दोनदा पडली, तरी हे काही बोलले नाहीत. एरवी घर डोक्यावर घेतलं असतं. दमले असतील.

१७ फेब्रुवारी
रिपोर्ट फाइलला लावायला घेतला, तर मागच्या वर्षीचा सापडेना. सगळी फाइल उपसली. मग हातातल्या कागदाचा कोपरा बघितला. तारीख मागच्या वर्षीची.

हे खिडकीपाशी पेपर वाचत होते. मी विचारलं, "काच कधी बदललीत?"

त्यांनी पेपरची नीट घडी घातली. मग म्हणाले, "चौदा झालाय."