सुभेदाराच्या नावे

४ जानेवारी, रविवार
ठरलं. नौपाड्याचा फ्लॅट, एफडी, सगळं सुभेदाराच्या नावे. केदारला कळू दे. काल फोनवर म्हणाला, बाबा, कोलशेतला राहायला या आमच्याकडे, पण बोका आणू नका. पोटचा मुलगा! सुभेदार सहा वर्षं माझ्याजवळ आहे, एकदाही असं बोलला नाही. आज सकाळी पोटरीला चावला. आपला समजतो म्हणून चावतो. पायजमा फेकला.

७ जानेवारी
मृत्युपत्रासाठी वकीलबाई अंतरा. केदारच्या वर्गातली, म्हणून फी कमी. म्हणाली, काका, मांजराच्या नावावर नाही हो करता येत. सांभाळणारा माणूस नेमा, त्याच्या हातात पैसे द्या. वर दोन साक्षीदार आणि तुमचं डोकं ठिकाणावर असल्याचं डॉक्टरांचं सर्टिफिकेट. म्हटलं, ठिकाणावर आहे म्हणूनच बोक्याला देतोय. ती पेनाचं टोपण चावत बसली.

११ जानेवारी, संध्याकाळी ६
सांभाळणारा म्हणून शेजारच्या गुणाजीला चहाला बोलावलं. पैशाचं ऐकताच गुणाजी बाळा, बाळा करत सुभेदाराला उचलायला गेला. सुभेदार कपाटावरून थेट टकलावर. टक्कल चार ठिकाणी फाटलं. गुणाजीने झाडू फिरवला, तो माझ्या कानशिलात बसला. भिंतीवर रक्त, चहात रक्त. गुणाजी जिन्यातून आईबहिणीवर शिव्या देत गेला. सुभेदाराला माणसाची पारख आहे.
नोंद: गुणाजीला फक्त ओरबाडलं. चावणं माझ्यासाठी राखीव.

१४ जानेवारी
तिळगूळ घेऊन डॉक्टरांकडे. त्यांनी फाइल काढली. सहा वर्षांत एकोणीस चावे. म्हणाले, मधुकरराव, ज्याने एकोणीस वेळा फाडलं त्याला तुम्ही घर देणार, आणि मी लिहून देऊ की डोकं शाबूत आहे? मी टेबलावर मूठ आपटली. काच तडकली. म्हणाले, आता तर मुळीच देत नाही. तिळगूळ परत आणला. गोड बोलायचं राहून गेलं.
दुसरा डॉक्टर बघणे.

१८ जानेवारी, रविवार
केदार आणि सूनबाई आसावरी आले. गुणाजीने कळवलं, हलकट. केदार म्हणाला, बाबा, पैसे कुणालाही द्या, मला नकोत, पण हे जनावर एक दिवस तुमचा जीव घेईल.
नकोत म्हणतो! मग याला शिक्षा करायची तरी कशाने?
माझ्या हातून तांब्या निसटला. जरा जोरात निसटला. केदारची भुवई फुटली. आवाजाने सुभेदार बिथरला आणि माझ्याच मनगटाला लटकला. केदार समोर असताना मला. गडबडीत माणूस ओळखायला चूक होते. आसावरीने मानगूट धरून सोडवला. मग तिच्या मांडीवर बसला. दमला होता बिचारा.

२१ जानेवारी
नर्सिंग होम. डाव्या हाताने लिहितोय. उजवा कोपरापर्यंत सुजलाय, पू काढला. केदार ऑफिस सुटल्यावर येऊन खुर्चीत बसतो. भुवईवर तीन टाके. मी झोपल्याचं सोंग घेतो. बोलायला कुठून सुरुवात करावी कळत नाही. त्याने करावी.
सुभेदाराला आसावरीने कोलशेतला नेलं. पळवलाच म्हणायचा. तो अन्नाला शिवणार नाही. तिसऱ्या दिवशी हात जोडत परत आणतील.

२४ जानेवारी
तिसरा दिवस. कोणी हात जोडले नाहीत. तब्येत फारच बिघडली असणार, माझ्यापासून लपवतायत.

२७ जानेवारी
डिस्चार्ज. संकल्प: आपण फोन करायचा नाही.
सव्वाअकरा. केला. आसावरी म्हणाली, बाबा, बांगडा खातो, सोफ्यावर लोळतो, अजून कुणाला ओरखडासुद्धा नाही. धाक दाखवला असणार. नाहीतर असा वागणारा नाही तो.

१ फेब्रुवारी, रविवार
रिक्षाने कोलशेत. माजिवड्याला अर्धा तास अडकलो. बरोबर पिशवी: दोन शर्ट, लेंगा, गोळ्यांचा डबा. शर्ट सुभेदाराला गुंडाळून आणायला. वाटेत ठरवलं, उजव्या हाताला बँडेज आहे, तेव्हा चावायला डावा पुढे करायचा.
दार केदारने उघडलं. व्रण राहणार आहे म्हणे. पाणी दिलं.
सुभेदार आसावरीच्या मांडीवर. गलेलठ्ठ. मी खाली बसलो, डावा हात तोंडाशी धरला. त्याने हुंगला. मी शेपूट ओढली. पुन्हा ओढली. तो उठला, आळस दिला आणि आत निघून गेला.
चावला नाही. ओरबाडलंसुद्धा नाही. मला फार वाईट वाटलं. इतकं वाईट मनगट सुजलं तेव्हाही वाटलं नव्हतं.
केदारला म्हटलं, त्या दिवशी तांब्या निसटला नव्हता. तो म्हणाला, माहितेय.
आसावरी म्हणाली, बाबा, जेवून जा.
जेवलो. पिशवीत काय आहे ते कोणी विचारलं नाही. रिक्षा लगेच मिळाली.