म्हातारीची नवी फेरी

४ जानेवारी

ती. दादास,
शि. सा. न.

पत्राला उशीर झाला, हवं तर कान धर. पालिकेनं बसचं अनुदान थांबवलं आणि आमच्या डोंगरावरच्या गावाची सकाळची फेरी बंद पडली. आता दुपारची एकच. बिल न भरल्यानं डेपोचा फोनही मुका झालाय, म्हणून ही चिठ्ठी ड्रायव्हरच्याच हाती देतेय.

ह्यांना युनियनचं पुढारीपण चढलंय. आरशासमोर उभे राहून पालिकेला झाडतात आणि तुझी भाची टाळ्या वाजवते. मी हसते खरी, पण फेऱ्या आणखी कमी झाल्या तर ड्रायव्हरांना घरी बसवतील म्हणे. त्यात ह्यांची गाडी उतारावर किंचाळते. विचारलं तर म्हणतात, तीही घोषणा देतेय! वर्कशॉपला आली की तू स्वतः बघ. दुसऱ्या कुणावर माझा भरवसा नाही.

तुझी माया आहे तशीच राहू दे.

धाकटी

९ जानेवारी

चि. सौ. धाकटीस,
अ. उ. आ.

जावईबापूंची गाडी बघितली. ब्रेकचे लायनर पार झिजले होते. नवे मागवून महिने लोटले, साहेब म्हणतात पैसे येऊ देत. तोवर आम्ही एकीचं काढून दुसरीला लावतो. तशीच त्यांच्या गाडीची सोय केलीय. कुठून आणलं ते विचारू नकोस आणि त्यांना तर अजिबात सांगू नकोस. त्यांचं तत्त्व आडवं येईल आणि मला सगळं परत काढायला लावतील. एकुलत्या बहिणीसाठी एवढं केलं, त्यात काय झालं? निर्धास्त राहा.

परवापासून तुमच्या पुढाऱ्यांनी संप पुकारलाय, म्हणजे आम्हीही काम सोडून फाटकाबाहेर बसणार. भाचीला पापा.

तुझा दादा

१७ जानेवारी

ती. दादास,
शि. सा. न.

अखेर तडजोड झाली. कुणालाही कामावरून काढणार नाहीत आणि सोमवारपासून सकाळची फेरी पुन्हा सुरू. त्या बदल्यात दुरुस्तीच्या पैशाला कात्री लागली. ह्यांनी सही केली, पण घरी येऊन जेवले नाहीत.

त्या फेरीला नवी गाडी मिळणार नाहीच. तुमच्या वर्कशॉपमागे उभी असायची ना, ती जुनाट गाडी, जिला सगळे म्हातारी म्हणतात? संपाच्या दिवसांत साहेबांनी तीच वर आणली. रंग लावून अगदी नटवलीय! पण चालवायला कुणी तयार होईना. उलट टोमणे, की पुढाऱ्याची गाडी मेहुण्याच्या कृपेनं गुणगुणते. झालं, हे पेटले. आपली गाडी दुसऱ्याला दिली आणि म्हातारी स्वतःकडे घेतली. मला रागही आला आणि अभिमानही वाटला. तिचे ब्रेक तुझ्या नजरेखालून गेले असतीलच, म्हणून मी ह्यांना अडवलं नाही.

आम्हाला विसरू नकोस.

धाकटी

१८ जानेवारी

धाकटे,

आशीर्वाद मागाहून. जावईबापूंना म्हातारीला हात लावू देऊ नकोस.

त्यांच्या गाडीला लावलेले लायनर मी म्हातारीचेच काढले होते. त्यांचे झिजलेले तिला अडकवले, नुसते आवारात ढकलण्यापुरते. ती भंगारात जाणार होती. आम्ही बाहेर बसलेलो असताना कुणी तिला रस्त्यावर काढेल, हे माझ्या स्वप्नातही नव्हतं. वर जाताना चढ होता म्हणून निभावलं. खाली येताना निभावणार नाही.

आज सकाळी साहेबांना सगळं सांगितलं. म्हणाले, सोमवार अजून लांब आहे, आणि बोभाटा केलास तर आधी तुझी नोकरी जाईल. नोकरी गेली खड्ड्यात. दुसऱ्या गाडीचे लायनर काढायला घेतलेत. उद्याच्या गाडीनं ते घेऊन येतो आणि तिथंच बसवतो. ही चिठ्ठी आज दुपारच्या गाडीनं पुढे पाठवतोय. तोवर चावी तुझ्याजवळ ठेव. जावईबापूंनी मला हव्या तेवढ्या शिव्या द्याव्यात. मला फार भीती वाटतेय गं.

दादा

१८ जानेवारी, दुपार

ती. दादास,
शि. सा. न.

हे पत्र कुणाच्या हाती देणार नाही, मीच घेऊन येतेय! पालिकेच्या अध्यक्षांना सोमवारी सवड नाही, म्हणून म्हातारीची पहिली फेरी आजच निघतेय. पहिल्या फेरीला तिकीट नाही म्हटल्यावर अर्धं गाव चढून बसलंय. मी ह्यांच्या मागच्याच सीटवर आहे, कागद मांडीवर आहे, त्यामुळे अक्षराला हसू नकोस. भाची खिडकीशी बसलीय आणि मामाला काय काय सांगायचं ते पाठ करतेय.

ह्यांनी आत्ताच ब्रेक दोनदा दाबून बघितला आणि कपाळाला आठ्या घातल्या. म्हणाले, उतरून एकदा बघायला हवं. मी म्हटलं, माझ्या दादाच्या हाताखालची गाडी आहे, उगाच खोट काढू नका, लोक खोळंबलेत. तेव्हा कुठे हसले आणि चावी फिरवली.

तुझ्याकडून वर येणारी गाडी वळणावर भेटेल. तिच्यात तुझी चिठ्ठी असली तर संध्याकाळी घरी परतल्यावर वाचेन. निघालो बघ. तू पाठीशी आहेस, म्हणून निर्धास्त आहे.

धाकटी